फिल्मच्या पाठीवरची रेघ

रविवारी सकाळी बाथरूममध्ये चिमट्याला टांगलेली ओली फिल्म त्याने खिडकीच्या उजेडात धरली आणि त्याला ती रेघ दिसली. रेघ ओळखीचीच होती. गेले कित्येक महिने ती त्याच्या प्रत्येक फिल्मवर याच जागी येत होती. केसाएवढी, सरळ, पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत न थकता गेलेली. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या निरोपसमारंभाचे फोटो होते हे. साहेबांच्या कोटाच्या बटणातून, माइकच्या दांडीतून, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांच्या मनगटांतून ती बिनदिक्कत निघून गेली होती. सवयीने त्याच्या कपाळाला आठी पडली, सवयीनेच तोंडून ‘अण्णा’ एवढं निघालंसुद्धा, आणि मग ते बाहेर आलेलं नाव त्याला तसंच गिळावं लागलं. कारण ही फिल्म अण्णांनी, त्याच्या वडिलांनी, भरलेली नव्हती. साहेबांचा समारंभ म्हणून, या वेळी धोका नको म्हणून, त्याने मुद्दाम दुकानातून कंपनीची सीलबंद फिल्म आणली होती. अण्णांचा तिला हात तर सोडाच, वारासुद्धा लागला नव्हता. बाहेरून बायकोने दार वाजवलं, “अहो, किती वेळ? मला कपडे भिजवायचेत.” तो “आलोच” म्हणाला आणि तिथेच बादलीच्या काठावर बसून राहिला.

त्याच्या छायाचित्र मंडळातली सगळीच माणसं फिल्मचं मोठं रीळ घेत. दोन्ही हातांनी धरावं असं जाडजूड रीळ. ते अंधारात एका डब्यात बसवायचं आणि मग डब्याची दांडी फिरवून जुन्या रिकाम्या नळकांड्यांत हवी तेवढी फिल्म गुंडाळून घ्यायची. ऐकायला सोपं. पण नळकांड्याच्या तोंडाला, उजेड आत शिरू नये म्हणून, मखमलीची पट्टी असते, आणि त्या मखमलीत वाळूचा एक कण जरी अडकला तरी तो फिल्मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरबाडत नेतो. डब्यातलं छोटं दार उघडायला विसरून दांडी फिरवली, ओरखडा. रीळ सैल वाटलं म्हणून टोक धरून खेचलं, तर फिल्मच फिल्मला घासते, पुन्हा ओरखडा. थोडक्यात, हे काम घाईच्या माणसाचं नाही आणि तो घाईचाच माणूस होता. आई गेल्यावर अण्णा त्याच्याकडे राहायला आले तेव्हा त्याने हे काम त्यांच्या गळ्यात घातलं. “त्यांचा वेळ जातो,” असं तो लोकांना सांगे. खरं म्हणजे त्याचा वेळ वाचत होता.

अण्णांचा जन्म दुसऱ्यांचे दात करण्यात गेला होता. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवत. मेणात एकेक दात रोवायचा, हिरडीचा गुलाबी उंचवटा घासून घासून असा गुळगुळीत करायचा की तोंडातल्या नाजूक कातडीला कुठे बोचता कामा नये. अर्धी वस्ती त्यांच्या दातांनी जेवत होती, आणि लग्नकार्यात एखादी म्हातारी खळखळून हसली की अण्णा तिच्याकडे न बघता तिच्या दातांकडे बघत, हे बघून आई वैतागायची. लहानपणी त्याला या कामाची लाज वाटे. वर्गातली मुलं बोळकं करून दाखवायची. ‘तुझे बाबा काय करतात?’ या प्रश्नाला तो ‘दवाखान्यात असतात’ असं मोघम उत्तर देई आणि ऐकणाऱ्याने डॉक्टर समजून घेतलं तर घेऊ देई. हे आत्ता, बादलीच्या काठावर बसल्याबसल्या का आठवावं, त्याला कळेना. पण शरमेचं असंच असतं बहुधा. एक आली की मागचीला बोट धरून घेऊन येते.

फिल्म भरायची म्हणजे अण्णांचा अर्धा दिवस जाई. आधी अंघोळ. मग नखं कापायची, कापून घासायची. थंडी असो नसो, लोकरीचा स्वेटर काढून ठेवायचा, कारण लोकरीची तूस उडते. याच बाथरूमची फरशी धुऊन ओली ठेवायची म्हणजे धूळ खाली बसते, दार लावून घ्यायचं, आणि स्टुलावर बसून कवळीची भुकटी झाडायचा तो जुना मऊ ब्रश घेऊन एकेका नळकांड्याची मखमल उलट्या बाजूने विंचरायची. त्यावर चिकटपट्टी दाबून उचलायची. पट्टी उजेडात धरून बघायची, काही दिसलं की पुन्हा. काळ्या कापडी पिशवीत दोन्ही हात घालून ते रीळ डब्यात बसवत तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असत आणि ओठ हलत. सून गमतीने म्हणायची, “अण्णांची पूजा चाललीय, घंटा वाजवू का?” त्यावर अण्णा आतून ओरडत, “दार उघडू नकोस गं, धूळ येते!” तो ऑफिसातून आला की टेबलावर भरलेली नळकांडी ओळीने मांडून ठेवलेली असत. तो ती उचलून बॅगेत टाकी. छान म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. दात बरोबर बसला तर दंतवैद्याला तरी कोण छान म्हणतं.

मग रेघ आली. पहिल्यांदा तो नुसतं म्हणाला, “अण्णा, या वेळी मखमल बघितली नाहीत वाटतं नीट.” अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी ती नळकांडी फेकून दिली, नवी आणायला लावली. पुन्हा रेघ. त्यांनी डबा उघडून आतून पुसला, दाराची पट्टी बदलली, पंख्याची पाती धुतली. पुन्हा रेघ. एकदाही ते म्हणाले नाहीत की कदाचित माझ्याकडून नसेल होत हे. तसं ते म्हणाले असते तर? तर तो चिडला असता, हे त्याला ठाऊक होतं. उलट ते अपराध्यासारखे फिल्म मागून घेत, भिंग डोळ्याला लावून खिडकीशी उभे राहत आणि म्हणत, “आहे रे. आहे खरी. कुठे चुकतोय मी?” आणि तो बूट काढता काढता म्हणे, “वय झालं की होतं असं.” किती सहज म्हणायचा. म्हणताना मोठ्या मनाने त्यांना सूट दिल्यासारखं त्याला बरं वाटायचं.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण मागे एका रविवारी मंडळातले दोघं घरी आले होते, एक वकील आणि एक चष्म्याच्या दुकानाचा मालक. प्रदर्शनासाठी फोटो निवडायचे होते. वकिलांनी एक मोठा फोटो हातात धरून मान कलती केली. “चित्र झकास आहे हो, पण ही रेघ?” आणि त्याने, तंगड्या पसरून, आवाज चढवून, दोघांना हसवायचं म्हणून उत्तर दिलं, “आमच्या अण्णांची कृपा! हात थरथरतात, पण हौस दांडगी. आता वाघाला दात नाहीत आणि दातवाल्याला हात नाहीत!” दोघं हसले. चष्मेवाला जरा जास्तच हसला आणि मग एकदम गप्प झाला, कारण दारात अण्णा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ट्रेमधल्या एकाही कपातला चहा बशीत सांडलेला नव्हता. हे त्याने तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि तरी तो म्हणाला होता, “द्या इकडे, सांडाल.” अण्णांनी ट्रे दिला. तेही हसले, सगळ्यांबरोबर, आपल्याच अंगावर आलेल्या विनोदाला माणूस हसतो तसं. “खरंय, खरंय,” म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी डबा, काळी पिशवी, ब्रश आणि सगळी रिकामी नळकांडी स्वच्छ पुसून, कागदात बांधून त्याच्या टेबलावर ठेवलेली होती. त्याला हुश्श झालं होतं. चला, न बोलता सुटलं, असं वाटलं होतं त्याला. अण्णांनी आधीच भरलेली बरीच नळकांडी बॅगेत होती, ती तो वापरत राहिला.

सुटलं नव्हतं. अण्णा एकेक गोष्ट सोडत गेले. आधी दाढी, जन्मभर स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसायला लागला. मग चहा ओतणं. मग शर्टाचं वरचं बटण, “राहू दे, उघडंच बरं वाटतं.” मग सुईत दोरा. सून म्हणाली होती, “अण्णा हल्ली सगळ्यालाच नको म्हणतात, तुम्ही बोला ना त्यांच्याशी.” तो म्हणाला होता, म्हातारपण आहे. आणि परवाच पलीकडच्या मावशी पदर तोंडावर धरून दारात आल्या होत्या, चिरलेली कवळी रुमालात गुंडाळून. दातांशिवाय त्यांचं बोलणं नुसती हवा झालं होतं. “अण्णा, एवढं लावून द्या हो, लेक येतेय उद्या.” अण्णांनी रुमाल उघडलासुद्धा नाही. “नको मावशी. कुठेतरी धार राहायची आणि तुमच्या तोंडाला लागायचं. माझ्या हाताचा आता भरवसा नाही.” मावशी त्याच्याकडे बघायला लागल्या, जणू त्याने मध्ये पडून काही बोलावं. तो पेपर वाचत होता.

बायकोने दुसऱ्यांदा दार वाजवलं तेव्हा तो उठला. ओली फिल्म तशीच टांगून बाहेर आला, कपाटातून कॅमेरा काढला आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक काळी गुळगुळीत पट्टी असते, फिल्मला पाठीमागून दाबून धरणारी. त्याने तिच्यावरून अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. नख अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा त्याच जागी अडलं, इतकं बारीक की डोळ्याला दिसू नये. आणि त्या अडण्याबरोबर त्याला तो दिवस सबंध आठवला. टेकडीवर मंडळातले सगळे पुढे निघाले होते, त्याने जोर करून कॅमेऱ्याची दांडी ओढल्यामुळे फिल्म आत तुटली होती, तुकडा पट्टीखाली अडकला होता, आणि वकील खालून हाका मारत होते म्हणून त्याने घाईघाईने पेनचाकूचं टोक आत घालून तो खरवडून काढला होता. आवाज झाला होता, खर्र असा. कानात तो आवाज अजून होता. चाकू त्याचा, हात त्याचा, घाई त्याची. रेघ त्यानंतर आली होती. आणि फिल्मच्या पाठीवर आली होती, चकचकीत बाजूवर, नेमकी जिथे ही पट्टी टेकते तिथे. हे कुणालाही कळलं असतं. त्याला कळलं नाही, कारण घरात दोष द्यायला एक म्हातारा आयता बसलेला होता.

त्याच्या कानशिलांना ऊब आली, मग कान तापले, मग मानेपर्यंत सगळं लाल झाल्यासारखं झालं. खोलीत कुणी नव्हतं तरी त्याने आरशाकडे पाठ केली. आणि या सगळ्यात, लाजेच्या ऐन उकळीत, त्याचं डोकं मात्र हुशारीने चालू होतं. पट्टी बदलून घ्यावी गुपचूप. मग अण्णांना म्हणावं, अण्णा, एकदा भरून बघा पुन्हा. रेघ येणार नाहीच. मग म्हणावं, वा अण्णा, जमलं की, हात बसला पुन्हा. तेही खूश, आपणही मोकळे, आणि कुणाला काही सांगायला नको. किती छान वाटला तो बेत त्याला! पुरता एक मिनिटभर तरी छान वाटला. मग त्याला दिसलं की या बेतात तो अण्णांना माफ करणार होता. त्याला स्वतःची शिसारी आली. अशी शिसारी, की तोंडात लोखंडाची चव आली. तो कॅमेरा तसाच उघडा घेऊन, बाथरूममधली वाळायला आलेली फिल्म काढून दुसऱ्या हातात धरून अण्णांच्या खोलीत गेला.

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, एकावर एक. इतके स्वस्थ, की जणू कुणीतरी आणून ठेवून गेलं असावं.

“अण्णा, ती रेघ तुमच्यामुळे नव्हती.”

“कसली रे?”

“फिल्मवरची. कॅमेऱ्यात दोष होता. म्हणजे मीच केला होता तो. पट्टी खरवडली होती मी चाकूने. हे बघा, ही दुकानातली फिल्म. हिला तुम्ही हातसुद्धा लावलेला नाही, आणि हिच्यावरही रेघ आहे. बघा ना.” त्याने कॅमेरा खाली ठेवून फिल्म आणि खिडकीतलं भिंग त्यांच्या हातात दिलं. बोलताना त्याचा आवाज वकिलासारखा व्हायला लागला होता, पुराव्यावर पुरावा मांडणारा, आणि हात जोडून सांगायची गोष्ट आपण भांडून सांगतोय हे त्याला ऐकू येत होतं.

अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं, लहान मुलाने काढलेलं चित्र बघावं तसं अगत्याने पाहिलं आणि परत दिलं. “बरं,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर फार प्रेमळ हसू आलं. “असेल हो.”

“असेल नाही अण्णा, आहे. तुमचे हात चांगले आहेत. मी तेव्हा त्या दोघांसमोर जे बोललो…”

“अरे, किती दिवस झाले त्याला. तू मनाला लावून घेऊ नकोस.” त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “एवढी फिल्म विकत आणलीस, धुतलीस, माझं मन राखायला. तुझी आईसुद्धा अशीच होती. भाजी खारट झाली की म्हणायची, माझ्याच तोंडाला चव नाही.”

त्याला ओरडावंसं वाटलं. त्याने पुन्हा सगळं सांगितलं, टेकडी, चाकू, खर्र आवाज, नख. जितकं जास्त सांगत गेला तितकं ते रचल्यासारखं होत गेलं. अण्णा मान डोलवत होते, “हो का? अरे अरे!” म्हणत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत आपल्याबद्दलचं कौतुक वाढत चाललंय हे त्याला दिसत होतं. त्याने खरं सांगावं आणि त्याबद्दल त्याला चांगुलपणा मिळावा! सगळं उलटं झालं होतं. दारात बायको कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तो बाहेर आला तेव्हा ती हळूच म्हणाली, “बरं केलंत हो. किती छान सांगितलंत. मला तर क्षणभर खरंच वाटलं.”

“अगं, खरंच आहे ते!”

“हो, हो,” ती म्हणाली, अगदी अण्णांच्याच स्वरात, आणि कपडे भिजवायला गेली.

त्याने फडताळातून कागदात बांधलेलं ते गाठोडं काढलं. नव्या मोठ्या रिळाचा डबा सील न फोडलेलाच पडून होता. हे सगळं त्याने अण्णांच्या पलंगावर नेऊन मांडलं. आता तोंडाने काही सिद्ध होणार नव्हतं. हातांनी झालं असतं. अण्णांचे हात एकदा पिशवीत गेले की ते स्वतःच अण्णांना सांगतील, असा त्याला भरवसा वाटला. “भरून द्या मला,” तो म्हणाला. “मला जमत नाही, तुम्हाला माहितेय. कुणाकडे जाऊ मी?”

“नको रे. एवढं मोठं रीळ, फुकट जायचं.”

“जाऊ दे फुकट.”

“तुझ्यासाठी म्हणून,” अण्णा म्हणाले. जेवायला आलेल्या पाहुण्याने आग्रह मोडवत नाही म्हणून आणखी एक घास घ्यावा तसे ते उठले. अंघोळ झालेलीच होती. त्यांनी नखं बघितली, स्वेटर काढला, घडी घातली. मखमल विंचरली. पण चिकटपट्टी उजेडात धरून बघितली नाही. मग काळ्या पिशवीत रीळ आणि डबा ठेवला, चेन लावली, आणि दोन्ही बाह्यांतून कोपरापर्यंत हात आत घातले. त्यांनी डोळे मिटले. तो समोर पलंगाच्या कडेवर बसला. आत रिळाच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. आता कागद सुटेल, आता टोक सापडेल, रीळ कडांनी उचललं जाईल, बोट कुठे टेकणार नाही. अण्णांच्या हातांची दरेक हालचाल त्याला पाठ होती, कधी न बघता पाठ झाली होती. आणि मग त्याला पिशवीचं कापड हलताना दिसलं. एका जागी नाही, सगळीकडून, उकळत्या पातेल्यावरचं झाकण हलतं तसं बारीक बारीक. आत डब्याच्या कडेवर काहीतरी टकटक वाजत होतं, थांबत होतं, पुन्हा वाजत होतं. अण्णांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलत नव्हते, घट्ट मिटलेले होते. हे हात तर थरथरणारे नव्हते. कधीच थरथरले नव्हते. ट्रेमधला चहा सांडला नव्हता. त्याने पुढे होऊन पिशवीवर आपले तळवे ठेवले, आणि जाड कापडातून ते दोन हात त्याच्या हातांना लागले, पकडलेल्या पाखरासारखे फडफडणारे. त्याने ते वरूनच दाबून धरले. ते थांबेनात.

“नाही होत रे,” अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. रागाने नाही, दुःखानेही नाही, एखादं जुनं कोडं सुटल्यावर माणूस बघतो तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं. “एक सांगू? त्या दिवशी तू त्या दोघांसमोर बोललास ना, मला फार राग आला होता तुझा. वाटलं, माझे हात चांगले आहेत, आणि हा कार्टा असं बोलतो. रात्र रात्र धुमसत होतो आत. तुझ्या आईच्या फोटोपाशी तक्रारसुद्धा केली तुझी.” ते हसले. “पण तू बरोबरच बोलत होतास. तुला आधीच दिसलं होतं. मला माफ कर बाबा.”

त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं. मघापासून तो तेच तर म्हणत आला होता. पिशवीची चेन उघडता येत नव्हती, उजेड आत शिरला असता. आणि अण्णांना हात बाहेर काढता येत नव्हते, रीळ सुटलं असतं. म्हणून दोघं तसेच बसून राहिले. बाथरूममधून कपडे आपटल्याचा आवाज येत होता.